ज्या दिवशी मी रिकामा राहिलो

मित्रांनो, मी एक जुना खल आहे. हसू नका! खल म्हणजे दुष्ट माणूस, हे मलाही ठाऊक आहे. पण तो मी नव्हे. मी पांढऱ्या चिनी मातीचा, जाड बुडाचा, काठाचा एक टवका उडालेला, औषधे कुटायचा खल. माझा बत्ता अजून माझ्याबरोबर आहे. आमचे रोज खटके उडतात, पण एकमेकांवाचून करमत नाही.

भट्टीतून तावूनसुलाखून निघालो आणि थेट एका औषधाच्या दुकानात आलो. त्या काळी दुकानातच औषधे कुटून पुड्या बांधत. "इतकी बारीक पूड दुसऱ्या कशात होत नाही," असे दुकानदार गिऱ्हाइकांना सांगायचा आणि मी फुगून जायचो. पुढे तयार गोळ्या आल्या. मग मला कोण विचारतो? माझ्या पोटात किल्ल्या, मोडकी पेने आणि रबरबँड पडू लागले. फार वाईट वाटायचे. अखेर दुकानदाराने मला आपल्या मेहुणीला देऊन टाकले. ती नर्सिंगच्या शाळेत औषधशास्त्र शिकवत असे.

तिला मुली मात्राबाई म्हणत, कारण उठता बसता बाईंचा एकच प्रश्न असायचा, "मात्रा किती?" त्या फळ्यावर शोषण, वितरण, चयापचय, उत्सर्जन असे शब्द लिहीत आणि मुलींचे चेहरे पडत.

"अगं, घाबरता काय? औषध म्हणजे पाहुणा!" बाई म्हणत. "दारातून आत आला, ते शोषण. घरभर हिंडला, ते वितरण. यकृत त्याचा चांगला समाचार घेतं, ते चयापचय. आणि मूत्रपिंड त्याला वाटेला लावतं, ते उत्सर्जन!"

वर्गात एक मुलगी होती. सगळे शब्द डोळे मिटून, ओठ हलवत पाठ करायची, म्हणून तिचे नाव पडले घोकंपट्टी. आजारी मावशीच्या उशाशी बसून तिने नर्स व्हायचे ठरवले होते. पण औषधशास्त्रात ती एकदा नापास झाली होती आणि आता शेवटची संधी उरली होती. तीही गेली की शाळा सुटणार होती. सराव परीक्षेत तिने लिहिले, 'अर्धायुष्य म्हणजे औषधाने रुग्णाचे आयुष्य निम्मे होणे.' वर्ग पोट धरून हसला. बाईंनाही हसू आवरेना.

"अगं बाई, आयुष्य औषधाचं! रक्तातलं औषध निम्म्यावर यायला जेवढा वेळ लागतो, तेवढं त्याचं अर्धायुष्य. निम्मे पाहुणे घरी गेले, समजलं?"

पोरगी लालबुंद झाली. मग बाईंनी मला पुढे ओढले. साखरेचा एक खडा माझ्यात कुटून पाण्याच्या पेल्यात टाकला आणि दुसरा अख्खाच दुसऱ्या पेल्यात सोडला. कुटलेली साखर बघता बघता विरघळली. अख्खा खडा मात्र तास संपला तरी तळाशी ठाण मांडून होता. "काही गोळ्या अशाच असतात," बाई म्हणाल्या. "औषध दिवसभर थोडं थोडं सोडतात. त्या कुटायच्या नाहीत. नावापुढे एसआर, ईआर अशा बारीक अक्षरांचं शेपूट दिसलं की हात आवरायचा." मुली गेल्या तरी घोकंपट्टी त्या खड्याकडे पाहत बसली होती. त्या दिवशी तिचे ओठ हलत नव्हते.

परीक्षा वॉर्डात, रुग्णाच्या खाटेशी झाली. ट्रेमध्ये मी, पाणी आणि गोळ्यांची पट्टी. खाटेवर एक आजोबा आणि जवळ त्यांची लेक.

"ताई, बाबांच्या घशाखाली गोळी उतरतच नाही हो. खूप हाल होतात. कुटून द्या ना, हा खल आहेच की!"

घोकंपट्टीने गोळी हातात घेतली आणि बत्ता उचलला. मित्रांनो, आयुष्यभर कुटायला आसुसलेला मी, त्या क्षणी मनात ओरडत होतो, "नको गं, नको!" बाई मागे उभ्या होत्या. चेहऱ्यावरची रेषही हलत नव्हती. घोकंपट्टीने पट्टी उलटून पाहिली. शेपूट दिसले. तिने बत्ता खाली ठेवला.

"नाही ताई, ही कुटायची नाही."

"अहो, पण गोळी चुकली तर बाबांचं ब्लडप्रेशर वाढेल!"

"आणि कुटली तर एकदम खाली येईल. ही गोळी पाहुण्यांना दिवसभर एकेक करून आत सोडते. कुटली की सगळेच एकदम घरात घुसणार. बाबांच्या जिवावर बेतेल. थांबा, मी डॉक्टरांना विचारते. गिळता येईल असं दुसरं काहीतरी देतील."

यातला एक शब्दही पाठ केलेला नव्हता! डॉक्टरांनी पातळ औषध लिहून दिले. आजोबांनी ते गिळले आणि तोंड वाकडे करून म्हणाले, "कडू आहे!" लेक हसता हसता रडू लागली. आणि मात्राबाई? गुणांचा कागद बाजूला ठेवून त्यांनी सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असे म्हटले, "लागू पडली! माझी मात्रा लागू पडली!"

घोकंपट्टी पास झाली. आज ती त्याच वॉर्डाची मुख्य नर्स आहे आणि बाईंनी तिला भेट दिलेला मी तिच्या टेबलावर दिमाखात बसतो. हजारो औषधे मी कुटली, पण माझा सर्वांत मोठा पराक्रम विचाराल, तर मी रिकामा राहिलो तो दिवस सांगेन.

म्हणून मित्रांनो, घरी कुणी गोळी कुटायला घेतली, तर आधी विचारा, ही कुटायची आहे का? शंका असेल तर डॉक्टरांना, नर्सला विचारा. माझ्या नावाचा तिसरा अर्थ तुम्हाला ठाऊकच असेल. आधी खल करा, मग खलात टाका!