गळतीकाका आणि सनरूफची पट्टी

मी एक जुनी रबरी पट्टी आहे, मित्रांनो. गाडीच्या छतात उघडझाप करणारी एक काच असते, तिला सनरूफ म्हणतात. त्या काचेच्या चारही कडांना बिलगून बसलेली काळी पट्टी म्हणजे मी. गॅरेजमधली माणसं मला सील म्हणतात. बाकीची माणसं मला काहीच म्हणत नाहीत, कारण मी आहे हेच त्यांच्या गावी नसतं. माझ्या आयुष्यात धक्क्यांना तोटा नाही. पण त्या लग्नाच्या दिवशी जे घडलं, त्यानं माझी वाचाच बसली. आत्ता कुठे बोलती झाले आहे, तर ऐकून घ्या.

पहिला धक्का जन्माचाच. कारखान्यात मला आधी मळलं, मग दाबलं, मग टूथपेस्टसारखं एका फटीतून बाहेर काढलं आणि मग चक्क भाजलं! माझा गुन्हा काय, हे कुणी सांगेना. पुढे कळलं की भाजल्याशिवाय रबराच्या अंगात लवचीकपणा येत नाही. बाहेर पडले ती अशी तुकतुकीत, की तपासणाऱ्या बाईंनी मला बोटानं दाबलं आणि मी दबून लगेच पुन्हा फुगले. "छान," त्या म्हणाल्या. मला मिळालेली ती पहिली शाबासकी. दुसरी मिळायला बरीच वर्षं जावी लागली.

दुसरा धक्का गाडी पाहून बसला. अहो, धडधाकट पत्र्याच्या छताला मुद्दाम एवढं मोठं भगदाड! आणि त्याची राखण कुणी करायची, तर मी! माझ्या धाकट्या बहिणी दारांच्या कडांना बसल्या. त्यांचं बरं आहे, दार लागलं की त्यांना सावली. माझ्या डोक्यावर मात्र दिवसभर ऊन.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते. पाणी अडवणारी मी, पण सगळं पाणी मी अडवत नाही. ते माझं कामच नाही! धूळ, वारा आणि पाण्याचा मारा मी झेलते. थोडंसं पाणी माझ्या कडेनं झिरपतंच. त्यासाठी माझ्याखाली एक पन्हळ असते. पन्हळीच्या चारही कोपऱ्यांत भोकं असतात, भोकांना नळ्या असतात, आणि नळ्यांतून ते पाणी चाकांपाशी गुपचूप जमिनीवर टपकतं. गाडी बनवणाऱ्यांनी विचार करून केलेली सोय आहे ती. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढे मी का सुन्न झाले ते कळेल.

आमची गाडी आली गळतीकाकांच्या घरी. त्यांचं खरं नाव मला ठाऊक नाही, कुणालाच असेल असं वाटत नाही. गळक्या गच्च्या दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. कुणाच्या छतातून थेंब पडला की काका हजर. "गळतंय" हा शब्द ऐकला की त्यांचा चेहरा असा पडायचा, जसं घरात चोरी झाल्याचं कळावं. आणि गिऱ्हाइकाला ते दर वेळी एकच सांगायचे. गाडीतून फोनवर बोलताना मी शंभरदा ऐकलं आहे. "लेप कितीही लावा हो, पाण्याला बाहेर जायला वाट नसेल तर ते घरात येणारच. आधी पाइप मोकळा करा." काय सुंदर बोलायचे! मी मनात म्हणायचे, चला, जाणत्या माणसाच्या हाती पडलो.

कसलं काय!

सुरुवातीला माझं कौतुक झालं, म्हणजे काचेचं झालं, मी आपलं ते वाटून घेतलं. पाहुणे आले की काका बटण दाबायचे, काच सर्रकन मागे जायची, पाहुणे "वा!" म्हणायचे. मग नव्याची नवलाई संपली. गाडी एका विरळ सावलीच्या झाडाखाली उभी राहू लागली. वाळकी पानं, फुलांचा भुगा आणि धूळ माझ्या खाचेत साठू लागली. ओल्या फडक्याचा एक हात फिरवला असता तरी पुरे होतं. पण काच चकाचक पुसायची आणि तिच्या कडेला असलेल्या माझ्याकडे ढुंकूनही बघायचं नाही, ही कुठली रीत! उन्हानं मी कोरडी पडले, अंगावर बारीक भेगा आल्या, आणि काच सरकली की मी कुरकुरू लागले.

"ही काय भानगड?" काका म्हणाले आणि डब्यातलं काळं ग्रीस घेऊन आले. मी थक्क झाले. अहो, ते बिजागऱ्यांसाठी असतं! रबराला ग्रीस आणि तेल म्हणजे विषच. पण रबराला ओरडता कुठे येतं? कुरकुरता येतं, आणि नेमकं तेच बंद करायचं होतं त्यांना. फासलं मला. माझ्या दारातल्या बहिणींनाही फासलं. थोड्याच दिवसांत मी सुजले, चिकट झाले, उडून येणारा वाळूचा कण न् कण मला येऊन चिकटू लागला.

पण खरा धक्का अजून पुढेच होता. एकदा गाडी धुऊन काका आत बसले, तर आतल्या दिव्याजवळून एक थेंब त्यांच्या टकलावर पडला. फक्त एक थेंब! पानांच्या भुग्यानं नळ्या तुंबल्या होत्या, दुसरं काही नाही. पण गळतीकाकांच्या स्वतःच्या गाडीत गळती! त्यांना ब्रह्मांड आठवलं. त्यांनी काच उघडली, विजेरी घेतली, पन्हळीत डोकावले आणि आनंदानं ओरडले, "सापडलं! अगं, इकडे ये! इथे बघ, चक्क भोकं आहेत! चारही कोपऱ्यांत! कंपनीवाल्यांची बुजवायचीच राहिली!"

काकू खिडकीतून म्हणाल्या, "अहो, पण चारही कशी राहतील? एखादं राहील."

"आळशी असतात गं," काका म्हणाले, आणि गच्च्यांना लावायचा आपला तो पांढरा मसाला त्यांनी चारही भोकांत ठासून भरला. वरून अंगठ्यानं गुळगुळीत केला. मित्रांनो, मी सुन्न झाले. जो माणूस जगाला पाइप मोकळा करायला सांगतो, तो माझ्या डोळ्यांदेखत पाइप बुजवत होता, आणि वर शीळ घालत होता! त्यानंतर कोरडे दिवस होते, त्यामुळे गाडीत थेंब पडला नाही. काका भेटेल त्याला सांगत सुटले, "एक थेंब नाही! कंपनीला जमलं नाही ते मी केलं!"

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण भोगलं ते त्यांनी. काकू साखरेची फुलं करतात. केकवर ठेवतात तसली. साखरेचा गोळा लाटून कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ पाकळी काढायची, मग ती वाळवायची, आणि मऊ ब्रशनं तिच्यावर रंग झटकायचा. गुलाब असा, की मधमाशी फसावी. त्यांना एक थोरली बहीण आहे. ती बोलायला फटकळ. एकदा भरल्या घरात ती काकूंची फुलं बघून म्हणाली होती, "बाजारातून प्लॅस्टिकची आणतेस आणि मी केली म्हणून सांगतेस होय गं, छोटे?" सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. तेव्हापासून दोघी बहिणी भेटल्या की नुसतं "बरी आहेस ना" आणि "हो" एवढंच. मागच्या सीटवर बसलेल्या काकूंना हे बोलताना मी कितीदा तरी ऐकलं आहे. ते शल्य त्यांच्या मनातून गेलंच नाही.

आणि मग त्या थोरलीच्या मुलीचं लग्न ठरलं. भाचीनं हट्टच धरला, "केकवर फुलं मावशीचीच!" काकू कामाला लागल्या. गाडीत बसल्या तरी त्यांच्या बोटांना साखर लागलेली असायची. "अहो," त्या काकांना म्हणाल्या, "या वेळी ताईनं हातात घेऊन बघायला हवं. प्लॅस्टिक म्हणाली ना मला!" माझ्या सुजलेल्या अंगावरही काटा आला.

लग्नाचा दिवस उजाडला. पाऊस नव्हता, ढग नव्हते. पण इमारतीच्या गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली आणि ती धार पडली नेमकी आमच्या छतावर. कितीतरी वेळ पडत राहिली. सुजलेली, भेगाळलेली मी, मी किती अडवणार? पाणी झिरपलं, पन्हळीत उतरलं आणि वाट शोधू लागलं. या कोपऱ्यात गेलं, मसाला. त्या कोपऱ्यात गेलं, मसाला. पन्हळ काठोकाठ भरली. खाली काका आले, ओली गाडी बघून म्हणाले, "बरं झालं, आयती धुतली गेली!"

काकू फुलांचा खोका घेऊन पुढच्या सीटवर बसल्या. मागच्या सीटवर ठेवायला त्यांचा जीव होईना, म्हणून मांडीवर. घट्ट झाकण लावलं की फुलं दमट होतात, म्हणून वर नुसता पातळ कागद. मी वरून बघत होते. काका, हळू चालवा हो, हळू! पण माझं कोण ऐकतं?

वळणावर एक सायकलवाला अचानक आडवा आला. काकांनी करकचून ब्रेक दाबला.

पन्हळीतलं सगळं पाणी पुढे धावलं आणि दिव्याच्या भोवतालच्या फटीतून धबाधबा खाली आलं. थेट काकूंच्या मांडीवर. कागद फाटला. गुलाब बसले, पाकळ्या वाकल्या, लाल रंग पांढऱ्यात वाहिला, आणि बघता बघता त्या बागेचा चिखल झाला.

सायकलवालासुद्धा थबकून बघत राहिला. काका वर बघत होते, तोंड उघडं. मग त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "पाइप," ते पुटपुटले. "अगं, ती भोकं म्हणजे गाडीच्या गच्चीचा पाइप होता. मी पाइपच बुजवला गं! मी! मी बुजवला!" आणि त्या मोठ्या माणसानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

काकू म्हणाल्या, "चला. केक वाट बघतोय." त्यांचा आवाज इतका शांत होता की मला रडू आलं.

हॉलच्या मागच्या दाराशी गाडी थांबली. थोरली बहीण तिथेच उभी होती, कपाळाला आठ्या घालून. "किती उशीर गं, छोटे!" म्हणत तिनं दार उघडलं आणि थिजली. काकू ओल्याचिंब, मांडीवर लाल-गुलाबी लगदा. "ताई," काकू म्हणाल्या आणि इतका वेळ धरून ठेवलेला बांध फुटला. "सगळी विरघळली गं! एवढी केली होती, तुला दाखवायची होती, सगळी विरघळली!"

थोरली वाकली. खोक्यात बघत राहिली. तिनं एक बोट त्या लगद्यात बुडवलं आणि जिभेवर ठेवलं.

"छोटे," ती म्हणाली, आणि तिचे डोळे एवढे मोठे झाले, "ही साखर आहे!"

"मग काय असणार?" काकू हुंदके देत म्हणाल्या.

"अगं, मी... मला वाटायचं..." थोरलीनं कपाळावर हात मारला. माझा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना! एवढी वर्षं तिला खरंच ती प्लॅस्टिकची वाटत होती. टोमणा नव्हताच तो. इतकं हुबेहूब कुणी हातानं करू शकतं, हेच तिला पटत नव्हतं. "माझ्या बहिणीनं हातानं केली! आणि मी काय बोलून बसले गं!" तिनं काकूंना तशाच ओल्या कपड्यांत पोटाशी धरलं. लग्नाच्या कपड्यांवर लाल डाग पडले, तिनं बघितलंसुद्धा नाही. खोक्याच्या कोपऱ्यात दोन कळ्या कशाबशा वाचल्या होत्या. त्याच केकवर गेल्या. थोरली प्रत्येक पाहुण्याला हाताला धरून केकपाशी नेत होती म्हणे. पण त्याआधी, गाडीपाशीच, ती काकांकडे वळून जे म्हणाली ते मी स्वतः ऐकलं, "आणि तुम्हाला गाडीत विहीर खोदायला कुणी सांगितलं होतं हो?"

मित्रांनो, त्यानंतर काकांनी तो मसाला खरवडून काढला. नळ्या हलक्या हातानं मोकळ्या केल्या. माझ्या अंगावरचं ग्रीस साबणाच्या कोमट पाण्यानं पुसलं आणि गॅरेजमध्ये विचारून रबरासाठीचं सिलिकॉन आणलं. माझ्या खाचेतली धूळ मात्र काकू काढतात, पाकळ्यांवर रंग झटकायच्या त्यांच्या सगळ्यात मऊ ब्रशनं. पहिल्यांदा तो ब्रश फिरला तेव्हा मी लाजेनं चूर झाले. काकूंनी मला बोटानं दाबलं. भेगा होत्या तरी मी हळूहळू वर आले. "छान," त्या म्हणाल्या.

तुमच्याही घरी गाडी असेल, तर तिच्या कडांना एकदा बोट लावून बघा. तिथे कुणीतरी ऊन खात बसलेलं असतं. त्याला पुसा, तेल-ग्रीस फासू नका, आणि एखादं भोक दिसलं तर बुजवायच्या आधी ते कशासाठी आहे हे विचारा. एवढंच मागणं आहे.

आता दर सुट्टीच्या दिवशी काका काच उघडतात, पेलाभर पाणी हळूच माझ्या पन्हळीत ओततात आणि गुडघ्यांवर बसून चाकापाशी बघत राहतात. थोडा वेळ काहीच होत नाही. मग पहिला थेंब टपकतो, आणि ज्या शब्दानं जन्मभर त्यांचा चेहरा पडला, तोच शब्द ते अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडतात, "अगं, बाहेर ये! गळतंय! गळतंय!"