पगारी सोहेलभाई आणि मी लांबट चेंडू

मी एक जुना रग्बीचा चेंडू आहे, मित्रांनो. गोल नाही, लांबट. दोहातले लोक मला पपई म्हणतात. म्हणोत बापडे!

मी नाव कमावलं ते सोहेलभाईंच्या बगलेत. रत्नागिरीचे सोहेलभाई इथे दिवसभर शिडीवर चढून एसी दुरुस्त करत. गावी कबड्डीत त्यांचा दरारा होता, इथे ते दर शुक्रवारी तेरा जणांची रग्बी खेळू लागले. त्या वर्षी आमच्या क्लबने प्रथमच एक खेळाडू पगारावर घ्यायचं ठरवलं. शिडी सुटणार, खेळ हेच काम होणार! सोहेलभाईंनी तोच ध्यास घेतला.

पण एक खोड नडत होती. कबड्डीत पकडलं तरी हात ताणून मधली रेघ गाठायची असते. आमच्या खेळात पाडल्यावर हात पुढे ताणला की चूक. हे महाशय नेमके तेच करायचे आणि पंचांची शिट्टी वाजायची.

"अरं सोहेल, पाडल्यावर थांब की! ही काय कबड्डी हाय व्हय?" आमचे कप्तान, साताऱ्याचे क्रेनचालक हरिदास ओरडायचे.

"हरिदासभाऊ, डोक्याला कळतं, पण हात ऐकत नाय!"

जित्याची खोड, दुसरं काय!

निवडीच्या सामन्यात शेवटचं मिनिट उरलं होतं. आम्ही दोन गुणांनी मागे. सोहेलभाई रेघेच्या वीतभर अलीकडे पडले. आता हे हात ताणणार! माझा जीव टांगणीला लागला. पण हात जागचा हलला नाही! ते उठले आणि नियमाप्रमाणे मला पायाने मागे सरकवलं. हरिदासभाऊंनी मला उचलून रेघेपार टेकवलं. चार गुण हरिदासभाऊंना मिळाले, सामना आम्हाला आणि पगारी जागा सोहेलभाईंना.

त्यांनी गावी बायकोला, जाहिदाला फोन लावला.

"आता शिडीवर चढायचं नाय ना?"

"नाय गं, आता नुसतं पडायचं!"

चार हंगाम आम्ही मैदान गाजवलं. मग त्यांचा गुडघा गेला, माझी हवा गेली. दोघेही दोहाच्या अल मन्सूरा भागातल्या खोलीत पडून राहिलो. फार वाईट वाटायचं हो.

एका शुक्रवारी हरिदासभाऊ दारात उभे. "यल्ला, चल, ऊठ! नवे गडी आलेत, सगळे कबड्डीवाले. पाडलं की हात ताणतात. त्यास्नी थांबायला कोण शिकवणार?"

सोहेलभाई लंगडत उठले, आधी पंप शोधला.

मित्रांनो, जुन्या चेंडूला अधूनमधून पंप मारत जा. आणि घरी बसलेल्या खेळाडूला मैदानावर यायची हाक मारा. तो वाटच बघत असतो.