पेटीवर लिहिलेलं यशराजचं नाव

मित्रांनो, मी एक जुनी काळी पेटी आहे. पत्र्याची, पण फौजी बरं का! छावणीबाहेरच्या कारागिराने मला ठोकून ठोकून घडवलं आणि झाकणावर पांढऱ्या रंगात लिहिलं, ‘शिपाई कोंडाजी’. सतरा वर्षं मी त्यांच्या खाटेखाली राहिले. बर्फात गारठले, वाळूत तापले. पेन्शन घेऊन ते पोलादपूरजवळच्या आपल्या वाडीत परतले, तेव्हा मला बघायला केवढी गर्दी झाली होती!

आमच्या वाडीत एक रीत आहे. घरातलं जे कोणी पुढे फौजेत जाईल, त्याचं नाव जुन्या नावाखाली लिहायचं आणि पेटी त्याच्यासोबत धाडायची.

कोंडाजींची नात अक्षदा रोज पहाटे घाटाच्या वळणापर्यंत धावायची. कोंडाजी, म्हणजे तिचे आबा, ओटीवर घड्याळ धरून बसायचे. एकदा त्यांनी विचारलं, “कशाला जायचं गो तुला फौजेत?”

“खरं सांगू आबा? देशासाठी तर हायच. पण इथं मी कोंडाजीची नात, नायतर यशराजची बहीण. तिथं छातीवर माझं नाव असतं!”

आबा खो खो हसले. “मग पेटी तुझीच. शब्द दिला!”

मग त्यांनी तिला शपथेचं सांगितलं. तिरंग्यासमोर दिलेला शब्द, जीव गेला तरी मोडायचा नाही. अक्षदाने माझ्यावर हात ठेवून शपथ म्हणून पाहिली. काय खूश झाले होते मी!

आणि खरंच तिची निवड झाली. दुसऱ्या दिवशी मोरू पेंटर डबा घेऊन आला. आबा म्हणाले, “लिही, यशराज.”

यशराज उडालाच. “आबा, मी तर फॉर्मपण नाय भरला!”

“भरशील. पेटी पोरग्याचीच. ही उद्या सासरी जायची.”

“आबा, शब्द दिला होतास ना?” अक्षदा म्हणाली. आबांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ओला रंग माझ्यावर चढत होता आणि मला ओरडताही येत नव्हतं!

कॉलेजची बॅग पाठीला लावून अक्षदा रिक्षाने वीर स्टेशनला गेली. जाताना तिने मला हातही लावला नाही. यशराज महाडला मोबाईलच्या दुकानात लागला.

सात-आठ महिन्यांनी तिची शपथ झाली. आबांनी तिला फोन लावला. “पोरी, मोरूला बोलावलाय. तुझं नाव लिहितो पेटीवर.”

पलीकडून आवाज आला, “नको आबा. मी नवीन पेटी घेतली. नाव लिहून झालं.”

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना तेलपाणी करा, गंजू देऊ नका. पण घरातल्या मुलीला शब्द दिलात, तर त्याला आधी जपा. तोही शपथेइतकाच पक्का असतो. मी आबांची एवढ्या वर्षांची सोबतीण, पण मला अजून त्यांना माफ करता आलेलं नाही.