खवल्यांची पट्टी

आईनं पट्टीचं पाकीट चॉपस्टिकच्या टोकानं ढकलत टेबलाच्या काठापर्यंत नेलं, मग त्या चॉपस्टिक बाजूला टाकून दुसऱ्या मागितल्या. पेइशानच्या अंगाचा तिळपापड झाला.

गावच्या तळ्यांतल्या चिलापी माशांचे खवले कारखान्यात येत. ते धुऊन, आम्लात भिजवून, थंडगार खोलीत त्यांतलं कोलॅजन, जखम भरून आणणारं प्रथिन, काढायचं, हे पेइशानचं काम. बोटं बधिर होत. पण जरा ऊब लागली की सगळ्याची खळ व्हायची. त्या कोलॅजनच्या पट्ट्यांनी परक्यांच्या जखमा भरत होत्या आणि आईचा साखरेनं चिघळलेला पाय मात्र तसाच. ताइनान शहरातल्या डॉक्टरांनी तो कापायची भाषा सुरू केली होती. पाय जमिनीला टेकवला तरी आई कळवळायची.

आणि पट्टी का नको, तर मासा म्हणून! पेइशान लहानपणी तापातून उठावी यासाठी आईनं माझू देवीला नवस बोलून मांस-मासा कायमचा सोडला होता. पायापेक्षा हिला आपलं पुण्य प्यारं, असं पेइशानला वाटे.

"तुझ्या कॅप्सूलचं टरफल कशाचं असतं, विचारलंस कधी?"

"नाही विचारलं. म्हणून तर गिळते."

शेवटी देवीवर सोडायचं ठरलं. पेइशान तणतणत देवळात गेली आणि कौल लावायच्या लाकडी चंद्रकोरींची जोडी जमिनीवर टाकली. एक उताणी, एक पालथी म्हणजे होकार. दोन्ही उताण्या पडल्या. म्हणजे देवी नुसती हसली, ना होकार, ना नकार. पुन्हा टाकल्या, पुन्हा तेच. तिला देवीचाही संताप आला. घरी येऊन तिनं सरळ ठोकून दिलं, देवी हो म्हणाली.

आईनं पाय पुढे केला नाही.

"काय विचारलंस तिला?"

"पट्टी लावू का, म्हणून."

"मी शेजारणीला पाठवून वेगळंच विचारलं होतं. नवस मोडला तर माझ्या पोरीला काही होणार नाही ना, एवढंच. देवी नुसती हसली."

पेइशाननं पाकीट टेबलावर आपटलं.

"होऊ दे काय व्हायचं ते! मेले तर मेले, तुझा पाय तरी..."

पुढचं तिला बोलता आलं नाही. आई त्याच पायावर भार टाकून उठली होती आणि तिनं लेकीचं तोंड हातानं घट्ट दाबून धरलं होतं. दुसऱ्या हातानं ती देवळाकडची खिडकी लावून घेत होती.