शामलाचा गुरुवार

पहिल्या भेटीत शामलाने मला देवी केलं आणि तिसऱ्या भेटीत हडळ. मधल्या काळात माझ्या हातून एवढंच झालं होतं की, ती बोलत असताना मी दुसऱ्या पेशंटचा फोन घेतला. दवाखान्यांनी भरलेल्या धंतोलीत मानसोपचाराचा दवाखाना थाटून मला बरीच वर्षं झाली होती, शिव्याही नव्या नव्हत्या. पण इतक्या उंचावर चढवून इतक्या झटक्यात कोणी मला आपटलं नव्हतं. राग आला, आणि रागाहून कुतूहल जास्त वाटलं.

पोर काटोलची, बाविशीतली. वडिलांची संत्र्याची बाग. आई, जिजाबाई, तिला एसटीने घेऊन यायची. आधीच्या डॉक्टरांपैकी कोणी हिस्टेरिया म्हटलं होतं, कोणी वेड, आणि एकाने लग्न सुचवलं होतं, जे आमच्याकडे टॉनिकसारखं कुणालाही लिहून देतात. वेडी ती मुळीच नव्हती. हुशार होती, गमतीदार बोलायची. शिवणवर्गातली नवी मैत्रीण आठवडाभर तिच्या जिवाचा तुकडा असायची. ती एक दिवस दुसरीबरोबर घरी गेली की कायमची वैरीण. मग आतून सगळं रिकामं वाटायचं आणि शामला स्वतःच्या हातावर जखमा करून घ्यायची. एकदा म्हणाली, "दुखते तवा बरं वाटते, बाई. मी हाय असं समजते." ते ऐकून मला घरी जाऊन जेवण गेलं नाही.

हे त्र्याऐंशी सालचं. अमेरिकेतल्या निदानाच्या नव्या पुस्तकात या दुखण्याला नाव मिळालेलं होतं, बॉर्डरलाइन. जकात नाक्यावर अडकून पडलेल्या ट्रकला शोभेल असं ते नाव मला आवडलं नाही, पण वर्णन वाचताना शामलाच समोर बसल्यासारखी वाटली. उपचारांबद्दल मात्र जो तो वेगळं सांगत होता. गोळ्यांनी तिला झोप येई, बाकी काही हलत नसे. मी विचार करत राहिले. हिला राग येतो यात बिघडलंय काय? बिघडलंय ते पुढचं. ज्याच्यावर राग आला ते माणूस तिच्या लेखी मेलंच. रागावूनही माणूस आपलं राहतं, हे कधी तिच्या अनुभवालाच आलं नव्हतं. हे गोळीत मिळत नाही. कोणावर तरी रागावूनच शिकावं लागतं, आणि ते कोणीतरी आपण व्हायचं, असं मी ठरवलं.

म्हणून तिला दर गुरुवारी चार ते पाचची वेळ दिली. आमच्या गल्लीत तेव्हा नंबर लावायची पद्धत, राखून ठेवलेली वेळ म्हणजे थेरच. शर्त एकच होती. जखम करून आलीस तर मलमपट्टी होईल, पण वेळ वाढवून मिळणार नाही. रागावून आलीस तरी वेळ कमी होणार नाही.

दवाखान्यात मात्र महाभारत सुरू झालं. सिस्टर सिंधूताईंना ती बिचारी वाटे, कारण शामला त्यांना आईहून माया करणारी म्हणायची. कंपाउंडर ओमप्रकाशला ती नाटकी वाटे, कारण त्याला ती राक्षस म्हणायची. दोघं तिच्यावरून इतके भांडले की एकमेकांशी बोलेनात. मला हसूही येई आणि नवलही वाटे. तिच्या मनातले दोन कप्पे आमच्या दवाखान्यात चालते-बोलते फिरत होते. मी दोघांना समोर बसवून सांगितलं, की तिने तुम्हाला दोन टोकांना नेऊन ठेवलंय, तुम्ही तरी तिथे राहू नका. दोघांनी मान डोलावली आणि आपापल्या टोकाला परत गेले.

तशात माझ्या मुलीचं दुसरं बाळंतपण आलं, तिच्या सासरी, भोपाळला. मला जायला हवं होतं, म्हणजे शामलाचे दोन गुरुवार बुडणार होते.

धंतोलीतला एक अलिखित कायदा असा, की डॉक्टर गावाला जातो हे पेशंटला कळू द्यायचं नाही. कळलं तर तो समोरच्या दवाखान्यात जातो. कंपाउंडरने सांगायचं, विजिटला गेलेत, येतीलच. जिजाबाईंनीही माझा हात धरून तेच विनवलं, "सांगू नका वं बाई. तिले समजलं तर जिवाचं बरंवाईट करून घेईन." त्यांची भीती खरी होती. तीच मलाही वाटत होती. पण लपवलं तर मी तिला काय शिकवत होते?

मी शामलाला तीन आठवडे आधी सांगितलं. कुठे जाणार, कशासाठी, कोणत्या गुरुवारी परत. मी नसताना सिंधूताई भेटतील आणि घरी एकटं राहायचं नाही, हेही ठरवलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "तुमच्या पोरीसाठी मले सोडून चालल्या. तुम्हीबी तशाच." आणि पुढचे दोन गुरुवार ती आलीच नाही.

भोपाळला नात झाली. तिला मांडीवर घेऊन बसले तरी चित्त काटोलला होतं. न राहवून दवाखान्यात ट्रंककॉल लावला. ओमप्रकाश खुशीत होता. गुरुवारी शामला आली होती, म्हणाला, "तुम्ही खरंच गेल्या का ते बघायले. मी म्हटलं, बाई विजिटले गेल्या, येऊनच राहिल्या. बसून होती सांजेपर्यंत." "आणि सिंधूताई?" मी विचारलं. त्या दिवशी त्यांची रजा होती. सवयीने बोलून गेला बिचारा, पण मी त्याला फोनवर नाही नाही ते बोलले. मग ताबडतोब काटोलला जिजाबाईंच्या ओळखीच्या दुकानात फोन करून निरोप ठेवला. पोर जिवंत आहे, घरी आहे, एवढंच कळलं.

मी परतल्यानंतरचा गुरुवार उजाडला. चार वाजून गेले. खोलीत येरझाऱ्या घालताना मला प्रथमच उमगलं, की कोणीतरी येईल की नाही याची वाट बघणं म्हणजे काय असतं. साडेचारला दार उघडलं. हातावर नवी जखम नव्हती. ती बसली आणि म्हणाली, एसटी उशिरा आली, वेळ कापू नका. मी म्हटलं, पाचला संपेल. त्यावरून पाच मिनिटं बोलणी खाल्ली.

मग ती त्या गुरुवारकडे वळली. "ओमप्रकाशभाऊ खोटं बोलला. मले वाटलं, तुम्ही आतच हायेत अन् मले टाळून राहिल्या. लई राग आला. रस्त्यावर जाऊन उभी राहिली, अन् मंग वाटलं, बाईनं तर भोपाळ म्हटलं होतं. खोटं हा बोलून राहिला, बाई नाही." पुढे म्हणाली, "त्यानं चहा पाजला मले. बसस्टॉपवर सोडून दिलं. खोटारडा हाय, पण माणूस वाईट नाही."

तिचं हे शेवटचं वाक्य मी केसपेपरवर जसंच्या तसं लिहून घेतलं.

पाच वाजले. ती उठली, दारापर्यंत गेली आणि कपाळाला आठी घालूनच वळली.

"पोरीचं बरं हाय ना तुमच्या?"

मी म्हटलं, बरं आहे, मुलगी झाली.

"बरं झालं," ती म्हणाली. "पण माहा राग गेला नाही अजून."

"राहू दे," मी म्हटलं. "पुढच्या गुरुवारी घेऊन ये."