दाराबाहेरचं स्टूल

हेडमास्तरांनी स्टूल उचललं आणि नववीच्या वर्गाबाहेर, चौकटीला लावून ठेवलं.

"बसू दे इथं पोरीला. ऐकू सगळं येईल. पोरांशी संबंध नाही."

जगदेवांनी मान डोलावली. अनसिंगाहून वाशीमला येताना गाडीत ते एकच सांगत होते, लेकीनं, रुख्मिणीनं, बाकीच्या मुलींसारखं गृहशास्त्र घ्यावं. विज्ञानाला सगळी मुलंच.

"डॉक्टरीण व्हायचं म्हणते ना?" हेडमास्तर मघाशी म्हणाले होते. "मग गृहशास्त्र घेऊन दवाखान्यात काय फोडणी देईल, जगदेवराव? आज विज्ञान सुटलं की पुन्हा घेता येत नाही."

रुख्मिणी स्टुलावर बसली. आत शिक्षकांनी काहीतरी उंच धरलं होतं. मुलं पुढं वाकली. तीही वाकली. तिला शिक्षकांचं कोपर दिसलं.

"आयकू येते ना?" जगदेवांनी विचारलं.

"येते."

"मंग झालं तं."

तिनं दोन्ही हातांनी स्टुलाची कड धरली.

"बाबा, मायच्या वक्ती डाक्टर असेच बाहेर बसले होते."

"चूप. इथं कायले काढून राह्यली ते?"

आई जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं.

"तुमीच ओसरीवर खाट टाकून देली. बाळंतिणीच्या खोलीत परका माणूस कसा जाईन, म्हणले." तिचा आवाज चढला नाही. "ते मले इचारत. मी आत जाऊन पाहो अन् येऊन सांगो. नाडी कशी हाय, म्हणे. मले सापडेच ना. नीट पाह्य, म्हणे. मी नीटच पाहत होती, बाबा."

हेडमास्तर चष्मा पुसू लागले. आत मुलं एकदम हसली. कशाला, ते बाहेर कळलं नाही.

जगदेव उंबरठ्याकडे पाहत उभे राहिले. मग वाकून त्यांनी वहाणा काढल्या.

"ऊठ."

आता गाडी जुंपायची, घरी जायचं, असं रुख्मिणीला वाटलं. ती उठली. डोळे पुसायलाही तिचा हात वर गेला नाही.

जगदेवांनी स्टूल उचललं. अनवाणी पायांनी ते वर्गात शिरले. मुलं वळून पाहू लागली.

"गुरुजी," त्यांनी विचारलं, "इथं समद्यात नीट कुठून दिसते?"