ताफ्यातली सत्तावीस नंबर

मी ताफ्यातली सत्तावीस नंबरची गाडी बोलतेय. जरा नीट उभे राहून ऐका. माझ्यासमोर एके काळी लोक नीटच उभे राहायचे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. माझ्या दारांवर रंगाचे सात हात चढवले गेले. दार लावलं की आवाज होत नाही, कुणी हळूच श्वास सोडल्यासारखं वाटतं. आत मऊ चामड्याच्या सीट, काळ्या काचा आणि बाहेर कितीही धूळ असली तरी आत स्वच्छ, गार हवा. मी थोडी गर्विष्ठ आहे, हे आताच सांगून टाकते.

माझ्यासारख्या चाळीस जणी जहाजातून इथे उतरलो. चाळीस देशांचे प्रमुख पाच दिवसांच्या मोठ्या परिषदेला येणार होते, त्यांच्यासाठी आम्ही. बंदरापासून शहरापर्यंत आम्हाला ट्रकवर चढवून आणलं, कारण त्या रस्त्याच्या खड्ड्यांत आमची पोटं घासली असती. आमच्यासाठी वेगळा रस्ता केला होता. विमानतळ ते परिषदेचं सभागृह, नऊ किलोमीटर, आरशासारखा.

आमच्या वाहनप्रमुख साहेबांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "देश गरीब आहे हे खरं, पण पाहुण्यांना ते दारातच कळायला नको."

माझा चालक मला पहिल्याच दिवशी आवडला. वय पंचवीसच्या आत, शाळा चौथीपर्यंत, डोकं तापट, पण हात लोण्यासारखा. तो आधी सरकारी दवाखान्यात होता. त्या दवाखान्यात रुग्णवाहिका दोन. एकीला चाकं नव्हती आणि दुसरीला हा चालक होता. त्याच्या गाडीत रुग्णाच्या हातातलं पाणी हिंदकळत नाही, अशी ख्याती ऐकून साहेबांनी त्याला उचलून माझ्यावर बसवलं.

"साहेब, मग तिकडची गाडी कोण चालवणार?" त्याने विचारलं.

"पाच दिवस कुणी आजारी पडू नका म्हणावं," साहेब म्हणाले. सगळे हसले. तोही हसला. मीही हसले असेन, मला काय कळत होतं?

माझ्या चामड्याला डाग पडू नये म्हणून पांढऱ्या कापडाची कव्हरं शिवायची ठरली. मापं घ्यायला शिंपीकामाच्या दुकानातून एक बाई आली. गळ्यात पिवळी टेप, कानामागे खडू. ती माझ्या चालकाची मोठी बहीण होती. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं. ती सीटच्या अगदी काठावर बसली.

"अगं ताई, टेकून बस की. गाडी चावत नाही."

"नको रे बाबा. खडूचे हात आहेत. आणि सवय लागली तर घरच्या खुर्चीवर बसवणार नाही."

"घरी खुर्ची आहे कुठे?"

"म्हणूनच म्हणते!"

ती हसली आणि हसता हसता खोकली. तिला दमा होता. दिवसभर कापसाचे तंतू नाकात जायचे. खोकला थांबल्यावर तिने परत टेप उचलली. चाळीस गाड्यांची कव्हरं तिच्या दुकानाने शिवली, पण माझं तिने स्वतः शिवलं. शिवण अशी की बोट फिरवलं तरी लागू नये.

मग सराव सुरू झाला. पाहुण्यांच्या वजनाची वाळू पोत्यांत भरून आमच्या मागच्या सीटवर ठेवायचे आणि ताफा फिरवायचे. गाडी किती दबते, झेंडे एका ओळीत दिसतात का, सगळं बघायचे. माझ्या वाट्याला चार पोती आली. नियम एकच होता: ताफा सुरू झाला की थांबायचं नाही, वळायचं नाही, पुढच्या गाडीचा नंबर सोडायचा नाही.

परिषदेच्या पहिल्या दिवशी सकाळी निरोप आला. माझे पाहुणे आजारी पडले, येणार नाहीत. चालकाने विचारलं, "मग मी दवाखान्यात जाऊ का, साहेब? तिकडची गाडी उभी आहे."

"वेडा आहेस का? ताफा चाळीसचाच दिसला पाहिजे. कॅमेरे आहेत. काचा काळ्या आहेत, आत कोण बसलंय कुणाला कळतंय?"

"पोती तरी काढतो."

"राहू दे. रिकामी गाडी उंच दिसते. झेंड्यांची रांग बिघडेल."

अशी मी वाळू घेऊन निघाले. पुढे शिट्ट्या, मागे शिट्ट्या, दोन्ही बाजूंना दोर आणि दोरामागे लोक. खोटं कशाला बोलू, मला फार अभिमान वाटत होता. माझा झेंडा फडफडत होता.

पुलाच्या अलीकडे रस्ता वळतो, तिथे ताफा हळू झाला. दोराला टेकून एक हातगाडी उभी होती. कापडाचे गठ्ठे वाहायची. तिच्यावर गठ्ठ्यांऐवजी कुणीतरी गुडघ्यांत मान घालून बसलं होतं. शेजारी शिंपीकामाच्या दुकानाचे मास्तर शिपायाला हात जोडत होते. दवाखाना पुलापलीकडे, आणि शिपाई नुसता मान हलवत होता.

माझ्या चालकाला तोंड दिसलंच नाही. त्याला गळ्यातली पिवळी टेप दिसली.

त्याने विचार केला नाही. विचार करणारा माणूस असता तर सत्तावीस नंबर सव्वीसच्या मागे तशीच सरळ गेली असती. त्याने मला दोराकडे वळवलं. दोर तुटला. मागचं दार उघडून त्याने दोन पोती धपाधप रस्त्यावर टाकली. एक फुटलं आणि त्या आरशासारख्या रस्त्यावर वाळू सांडली. मास्तरांनी आणि त्याने मिळून तिला आत घेतलं.

"मास्तर, किती वेळ उभे होता?"

"अर्धा तास झाला रे. तुझ्या रुग्णवाहिकेला फोन केला. म्हणाले, गाडी आहे, चालक नाही."

त्याने मास्तरांना पुढे बसवलं. मी धावले. खरंच सांगते, ज्यासाठी मला घडवलं होतं ते मी त्या दिवशी केलं. आतली सगळी गार, स्वच्छ हवा मी तिच्या तोंडावर सोडली. पुलाच्या सांध्यांवरसुद्धा तिला धक्का लागू दिला नाही. तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. थोड्या वेळाने तिने शेजारच्या पोत्यावर हात ठेवला.

"हे... कुठले पाहुणे रे?"

"वाळू आहे, ताई. तू बोलू नकोस."

"वाळूसाठी... रस्ता अडवला होता?"

आणि ती हसली. हसायला श्वास लागतो, तो तिच्याकडे नव्हता, तरी हसली. मग तिने पाठ मागे टाकली आणि पहिल्यांदाच टेकून बसली.

"छान आहे," ती म्हणाली.

सात मिनिटांत मी दवाखान्याच्या दारात होते. तिला आत नेलं. माझी दोन्ही दारं उघडीच राहिली होती. पुष्कळ वेळाने मास्तर एकटे बाहेर आले आणि पायरीवर बसले. त्यांच्यामागून डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, "अर्धा तास आधी आणलं असतं तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. पुरं करण्यासारखं त्यात काही उरलंही नव्हतं.

चौथ्या दिवशी गॅरेजमध्ये साहेबांनी माझ्या बॉनेटवर कागद ठेवला. समोर माझा चालक होता, गळ्यात ती पिवळी टेप.

"हे बघ, झालं ते वाईट झालं," साहेब हळू आवाजात म्हणाले. "आता एवढंच लिही, की वळणावर गाडी बंद पडली म्हणून बाजूला घेतली. आत वाळू होती हे कुठे यायला नको. तुझी नोकरी वाचेल, माझीही."

"गाडी बंद पडली नाही, साहेब. मी वळवली."

"अरे, लिहायला काय जातंय? गाडीला काय अब्रू असते?"

"हिला आहे," तो म्हणाला. "माझी ताई हिच्यात टेकून बसली."

त्याने कागदाचे चार तुकडे केले, किल्ली त्यांच्यावर ठेवली. माझ्या बॉनेटवरून एकदा हात फिरवला आणि निघून गेला. मागे वळून पाहिलं नाही. त्याची नोकरी गेली. नवा कागद साहेबांनी स्वतःच लिहिला.

आता आम्ही सगळ्या एका पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या आहोत. परिषदेनंतर आमचं काय करायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं. टायर बसलेत, कबुतरांनी छतावर नक्षी काढली आहे. पांढरं कव्हर काढून नेलं, पण सीटच्या फटीत थोडी वाळू अजून आहे. जवळच्या जणी कुजबुजतात, "हिने रांग मोडली." मोडली. चाळीस जणींनी मिळून त्या पाच दिवसांत खूप मोठी माणसं वाहिली, पण घाईत असलेलं माणूस फक्त मी वाहिलं.

पुढच्या महिन्यात लिलाव आहे. माझ्या काचेवर एक चिठ्ठी डकवली आहे: "ताफ्यात बंद पडलेली. दोष अज्ञात." म्हणून माझी किंमत सगळ्यांत कमी धरली आहे. किमतीचं मला काही नाही. मला कुणी दवाखान्याच्या कामासाठी घेतलं तर बरं, नाही घेतलं तरी चालेल.

फक्त जो कुणी मला घेईल, त्याने आधी ती चिठ्ठी फाडावी. मी बंद पडले नव्हते. मी वळले होते.